मे महिन्यात सुकवलं, आषाढात शिजवलं

माझ्या लेकीला सहा महिने पूर्ण होणार होते ते ऐन आषाढात, आणि आम्ही राहतो चिपळूणला. इथल्या आषाढात काही सुकत नाही. दुपटी पंख्याखाली टांगून ठेवली तरी कुबट वास येतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, रव्याला आठवड्यात जाळी लागते. त्यामुळे तिच्या वरच्या खाण्याची तयारी मे महिन्याच्या उन्हातच करायची, हे सासूबाईंनी ती जन्मल्याबरोबर ठरवून टाकलं होतं. पापड, कुरडया, आमसुलं, आंब्याची साठं यांच्या यादीत त्यांनी नाचणी आणि खिमट (तांदूळ-मूगडाळ भाजून केलेली भरड) ही दोन नावं वाढवली. मला जूनअखेरीस बँकेत रुजू व्हायचं होतं, म्हणजे दिवसभर भरवणार त्याच होत्या. आपल्या हाताला माहीत असलेलं अन्न डब्यात तयार असावं, असं त्यांना वाटत होतं आणि मलाही.

घाई होती ती साठवणीची. भरवण्याची अजिबात नव्हती. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं की १८० दिवस फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. शेजारच्या काकी चौथ्या महिन्यापासून 'चाटवा की जरा' म्हणत होत्या. त्यांना मी प्रेमानेच, पण दर वेळी नाही म्हटलं.

नाचणी घेतली ती ओळखीच्या शेतकऱ्याकडून, आदल्या खरिपातली. घेताना एकच गोष्ट विचारली: बोरिक पावडर लावली आहे का? कीड लागू नये म्हणून साठवणीच्या धान्याला ती चोळायची पद्धत घरोघर आहे आणि मोठ्यांसाठी आपण धान्य धुऊन वापरतो. बाळासाठीचं धान्य मात्र मुळात बिनपावडरीचंच हवं होतं. बिब्बेही नकोत, असं सासूबाई म्हणाल्या.

नाचणीचं खरं काम पाण्यात असतं. दाणा मोहरीएवढा, त्यामुळे त्यातली रेती निवडून निघत नाही, रोळूनच काढावी लागते. पसरट पातेल्यात थोडी थोडी नाचणी घ्यायची, पाणी घालून पातेलं हलकं फिरवत तिरपं करायचं. दाणे पाण्याबरोबर पुढच्या भांड्यात जातात आणि खडे तळाशी राहतात. पाणी नितळ येईपर्यंत हे चालतं. मला वाटलं होतं चाळणीत धुऊन होईल. सासूबाईंनी तळाशी उरलेली बारीक वाळू बोटावर घेऊन दाखवली, तेव्हा रोळण्याला पर्याय नाही हे पटलं.

मग रात्रभर भिजवणं. मधे एकदा पाणी बदलायचं, मेमध्ये तर नक्कीच, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. सकाळी उपसून, पूर्ण निथळून, धुतलेल्या सुती पंचात सैल पुरचुंडी बांधून टोपलीत ठेवली. घट्ट आवळली तर मधले दाणे गरम होऊन चिकट होतात. दिवसातून दोन-तीनदा पंचावर पाणी शिंपडलं. कोकणातल्या मे महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पांढरे बारीक मोड दिसायला लागतात. मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं. जास्त वाढू दिले तर पिठाला कडवटपणा येतो.

इथून पुढे दोन वाटा फुटतात आणि आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली.

सासूबाईंची वाट सत्त्वाची. मोड आलेली नाचणी पाणी घालून वाटायची, मलमलच्या कपड्यातून गाळायची, चोथा परत वाटून परत गाळायचा. ते दुधासारखं पाणी रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी गुळगुळीत साका राहतो. तो ताटात पातळ पसरून सुकवला की पापुद्रे निघतात, ते कुटून वस्त्रगाळ करायचे. पांढरटसर, मऊ, पचायला हलकं. किलोभर नाचणीतून हाती येतं ते निम्म्याहून बरंच कमी.

माझी वाट मोडाच्या पिठाची. मोड आलेली नाचणी तशीच सुकवायची, दळायची आणि बारीक कपड्याने चाळायची. कारण असं की नाचणी बाळाला द्यायची ती मुख्यतः कॅल्शियमसाठी, आणि कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्याही आत. सत्त्व गाळताना साल चोथ्यात जाते आणि डब्यात येतो तो बहुतेक पिष्टाचा (स्टार्चचा) भाग. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, पण पहिल्या महिन्यात तिच्या पोटाला साल कशाला? सत्त्वावर सुरुवात कर, मग पिठावर ये." मला ते योग्य वाटलं. थोडं सत्त्व केलं आणि बाकी सगळं पीठ. चोथ्याची त्यांनी थालिपीठं लावली, म्हणजे कॅल्शियम घरातच राहिलं.

आता सुकवणं. सगळ्या प्रक्रियेत माझा जीव गुंतला तो इथे, कारण साठवण टिकणार की नाही हे इथेच ठरतं. बुरशीला आणि किड्याला हवा असतो ओलावा. बुरशीची काही विषं शिजवूनही जात नाहीत, त्यामुळे 'जरासा वास येतोय, भाजून घेऊ' हा विचार बाळाच्या डब्यापुरता तरी मनातून काढून टाकावा लागतो.

गच्चीवर खाट, खाटेवर धुतलेली जुनी सुती साडी, तीवर नाचणी एका दाण्याच्या थरात, आणि वरून पातळ ओढणी, धूळ आणि चिमण्यांसाठी. ऊन सकाळी दव सुकल्यावर घ्यायचं आणि चार वाजायच्या आत सगळं घरात आणायचं. संध्याकाळी खाडीकडून ओलसर वारा सुटतो आणि दिवसभर सुकलेला दाणा तो ओलावा परत ओढून घेतो. रात्री पिंप झाकून, सकाळी पुन्हा गच्चीवर. सुकलं का हे बघायला दाणा दाताखाली धरायचा. दबला तर ओला, कट् करून फुटला तर सुकला. सुकलेली नाचणी दोन्ही तळव्यांत चोळली की वाळलेले मोड गळून पडतात. सुपात पाखडून ते काढून टाकले.

भाजायची की नाही, हा पुढचा प्रश्न, आणि याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) वाढतं. ते पिष्ट तोडतं आणि घट्ट खीर पातळ करतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच गोष्टीवर काम केलं: मोड आणलेल्या धान्याचं थोडंसं पीठ घट्ट पेजेत घातलं की ती गिळायला सोपी होते आणि त्यात पाणी वाढवावं लागत नाही. बाळाच्या दृष्टीने हे मोठं आहे. त्याच्या पोटाची क्षमता दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाची जेमतेम २०० मिलिलिटर. सहा ते आठ महिन्यांच्या, दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात. वाटीभर पाणीदार पेज पाजली तर पोट भरतं, पण पोषण होत नाही. आपल्याकडे 'घशात अडकेल' या भीतीने पेज पातळच करतात, आणि मग वजन का वाढत नाही म्हणून सगळे काळजी करतात.

पण हे विकर कढईत खरपूस भाजलं की मरतं. म्हणून नाचणीचे दोन भाग केले. मोठा भाग मंद आचेवर भाजून दळला. हे रोजचं पीठ, टिकायलाही बरं. छोटा भाग फक्त उन्हात कडकडीत सुकवून न भाजता दळला. याची एकच लहान बरणी, चिमूट-चिमूट वापरायला. दळण मिक्सरवरच केलं. रोजचं पीठ मात्र दुसऱ्या खेपेला गिरणीत दिलं, 'तांदळावर टाका, डाळीवर नको' असं सांगून, आणि सुरुवातीची दोन मुठी वेगळी काढून घेतली. दुसऱ्याच्या दळणातलं काय काय मिसळून येतं हे आपल्याला दिसत नाही.

खिमटाचं काम त्यामानाने सोपं. तीन वाट्या जुने तांदूळ, एक वाटी मूगडाळ, वेगवेगळी धुऊन, कपड्यावर पसरून सावलीत सुकवली. मग वेगवेगळीच भाजली, कारण डाळ आधी लाल होते आणि तांदूळ मागे राहतो. शेवटी चमचाभर जिरं कोरडं भाजून घातलं आणि रवाळ दळलं. बदामाची पूड यात आधीच मिसळून ठेवायची सूचना बऱ्याच जणींनी केली. ती मी ऐकली नाही. सुक्या मेव्यात तेल असतं, ते खवट होतं आणि आपल्याबरोबर अख्खा डबा खवट करतं. बदाम वेगळा ठेवून, वाटीपुरता उगाळून घालता येतो.

साठवणीच्या बरण्या मी मोठ्या घेतल्याच नाहीत. मोठी बरणी रोज उघडली जाते आणि दर वेळी पावसाळ्यातली हवा आत जाते. लहान काचेच्या बरण्या गरम पाण्याने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात पालथ्या वाळवल्या. पीठ दळल्यावर ते कोमट असतं. तसंच भरलं तर झाकणाला आतून घाम येतो आणि तोच थेंब पिठात पडतो. म्हणून ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावर भरलं. प्रत्येक बरणीवर पदार्थ आणि महिना लिहिला. एक बरणी ओट्यावर वापरात, बाकी फ्रीजमध्ये. फ्रीजमधली बरणी काढल्यावर लगेच उघडायची नाही, तासभर बाहेर ठेवून बाहेरचं दव पुसून मगच उघडायची. चमचा कोरडा, आणि तो बरणीतच ठेवायचा नाही. २०२१ च्या जुलैतला पूर आल्यापासून आमच्या घरात तळमजल्यावर साठवण ठेवतच नाही, त्यामुळे हे सगळं वरच्या मजल्यावर गेलं.

आषाढात उष्टावण झालं. माझ्या भावाने मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतून भरवलं. साखरेची खीर न करता गुरगुट्या भात मऊसूत घोटून त्यात साजूक तुपाचा थेंब घातला होता. वर्षाच्या आत साखर नाही, मीठ नाही, आणि मध तर मुळीच नाही, हे मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजं असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात. एका मावशींना वाईट वाटलं, पण मधाचं बोट चाटवू दिलं नाही.

रोजचं शिजवणं असं बसलं. एक चमचा पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळी मोडायची, मग मंद आचेवर सतत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवायचं. सात-आठ मिनिटं तरी लागतात. कच्च्या पिठाचा वास गेला की तूप. चमचा तिरपा केल्यावर ओघळून न जाता चमच्यावर बसेल इतकं घट्ट. आठव्या-नवव्या दिवशी ती घास तोंडातून बाहेर काढायला लागली, तेव्हा ती लहान बरणी कामाला आली. खीर उतरवून जरा निवली, बोटाला गरम पण सोसवेल अशी, की त्यात न भाजलेल्या मोडाच्या पिठाची सपाट पाव चमचा पूड घालून ढवळायची. डोळ्यांसमोर खीर सैल होते. मग ती परत गॅसवर ठेवून चांगली उकळी आणायची. मोड आणताना दाणा ओल्या उबेत पडून राहिलेला असतो, त्यामुळे ही दुसरी उकळी सोडायची नाही. आधी घातलं तेवढंच पीठ, पण आता ती ते सहज गिळत होती. सासूबाईंनी हे पाहिल्यावर पेजेतलं पाणी वाढवणं आपणहून बंद केलं.

श्रावणात खिमट संपलं आणि ऊन कुठेच नव्हतं. तेव्हा रीत बदलली. एका वेळी फक्त आठवड्याभराचं. तांदूळ-डाळ ओल्या पंचाने नुसती पुसून, पंख्याखाली तासभर, मग जाड बुडाच्या कढईत सर्वांत बारीक आचेवर हाताने सतत फिरवत, दाणा फुटेपर्यंत. कढई सोडून जाता येत नाही, पण होतं. मोड आणायच्या भानगडीत मात्र पावसाळ्यात पडलो नाही. ऊन नसताना ओला दाणा तसाच राहिला की आतून आंबतो. नाचणी नुसती धुऊन, भाजून, दळून घेतली आणि सैल करायला मेमधली ती लहान बरणी पुरवून पुरवून वापरली.

पुण्याची माझी बहीण भोपळा, गाजर शिजवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि ते तिच्याकडे छान चालतं. आमच्याकडे वादळी पावसात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. अर्धवट वितळून परत गोठलेलं अन्न मी लेकीला देऊ शकले नसते. त्यामुळे ओलं काही साठवायचंच नाही, हा नियम ठेवला. भाजी आमच्या आमटीतलीच, फोडणीआधी काढलेली. पालक आणि बीट तर शिजल्या शिजल्या संपवायचं, कारण त्यातल्या नायट्रेटचं ठेवल्यावर नायट्राइट होतं आणि ते लहान बाळाला घातक. भातही तसाच. शिजलेल्या भातात राहिलेली बॅसिलस सिरियसची बीजं बाहेरच्या उबेत वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. सकाळचा मऊ भात दुपारी द्यायचा नाही, हे सासूबाईंना मी सांगावं लागलं नाही. त्यांच्या सासूबाईंचाही तोच दंडक होता. वाटीत उरलेलं, चमचा लागलेलं अन्न घरातलं कुणीतरी लगेच खाऊन टाकतं.

कुंभार्ली घाटातून पुण्याला जाताना दोन गोष्टी बरोबर असतात: कोरड्या खिमटाची डबी आणि वेलची केळी. केळ्याला सालीपेक्षा चांगला डबा नाही. खिमट शिजवायला वाटेत कुठल्याही हॉटेलात एक पातेलं आणि गॅस मिळतो. बाळासाठी म्हटलं की आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. गरम पाणी ओतून ते फुगवायचं मात्र नाही, शिजवावंच लागतं.

नाचणीवर सगळा भार टाकता येत नाही, हे मला नवव्या महिन्याच्या तपासणीत नीट कळलं. त्यातलं लोह बाळाच्या गरजेला पुरत नाही आणि सहा महिन्यांनंतर जन्मतःचा साठा संपत जातो. अंगणवाडी सेविकेने दिलेलं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सुरू होतंच. त्याबरोबर अंड्याचा पूर्ण उकडलेला बलक आणि पापलेटचा काटे दोनदा तपासलेला तुकडा सुरू केला, खिमटावर लिंबाचे दोन थेंब पिळायला लागले, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागतं. सासूबाई शाकाहारी घरातून आलेल्या, तरी पापलेटचे काटे त्याच काढतात. माझ्यापेक्षा त्यांची नजर पक्की आहे.

वर्ष झाल्यावर ती आमच्याच ताटातली नाचणीची भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली आणि वेगळं दळण बंद झालं. न भाजलेल्या मोडाच्या पिठाची लहान बरणी मात्र या मेमध्येही भरली. ताप-सर्दीत तिला दोन-चार घासांच्या वर काही जात नाही. त्या दोन-चार घासांत जास्तीत जास्त अन्न बसवायला ती लागते. नणंदेला कार्तिकात दिवस भरतात, म्हणजे तिच्या बाळाचं खाणं पुढच्या वैशाखात सुरू होईल, भर उन्हात. तिच्यासाठी नाचणी यंदाच्या पिकातून दिवाळीनंतर सांगून ठेवली आहे, बिनपावडरीची.